डब्यावरची धूळ

"शनिवारी संपल्या होत्या ना? मग या डब्यावर एवढी धूळ कुठून आली?"

बाईनं डबा बोटानं पुसला आणि ते काळं बोट त्याच्या नाकासमोर धरलं. तो औषधाच्या दुकानात बावीस वर्षं काढलेला नोकर. बायका त्याला मागून संपलेभाऊ म्हणायच्या. कारण मालकाचा दंडकच होता: बाई एकटी ती दिवस न राहण्याची गोळी मागायला आली की संपल्या म्हणायचं. डबा मालकाच्या खणात, कुलपात. त्या गोळीला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही हे त्याला पाठ होतं, पण मालकापुढं जीभ रेटायची नाही.

शनिवारी सकाळी ही शिलाईच्या कारखान्यातून धापा टाकत आली होती. आदल्या रात्री नवऱ्यानं जवळ घेतलं होतं, तीन दिवसांच्या आत गोळी हवी होती. मालक मागंच बसलेला. यानं ठरलेलं वाक्य फेकलं आणि वर "मंगळवारी बघा" असं गोड शेपूट लावलं. पुढच्या दुकानदारानं तिला नवऱ्याला आण म्हटलं. त्याच्या पुढचा नुसता हसला. मग ती मंगळवारच्या भरवशावर बसली.

आज मालक परगावी, किल्ली याच्याकडं. ती दिसताच यानं उत्साहानं डबा काढला. पुण्याचं काम करतोय असंच त्याला वाटत होतं. धूळ पुसायचं तेवढं राहिलं.

"दोन्ही पोरं पोट फाडून झालीत," ती हळू म्हणाली. "तिसऱ्यांदा जिवावर बेतेल म्हणाली डॉक्टरीण. घरात कुणी ऐकत नाही. तुमचं मी ऐकलं."

त्यानं पैसे घेतले नाहीत. स्वतःची पाण्याची बाटली पुढं केली. तिनं तिथंच उभ्यानं गोळी गिळली, बाटलीचं तोंड पदरानं पुसून परत दिली.

"चालेल ना भाऊ अजून?"

मनात त्यानं तास मोजले. शनिवार, रविवार, सोमवार, आज. बहात्तर कधीच उलटून गेले होते. आता गोळी लागू पडली तर पडली, भरवसा नाही. दवाखान्यात जा, आत्ताच जा, हे तोंडापर्यंत आलं. पण मग कुणामुळं उशीर झाला, तेही आलं असतं.

ती बघत राहिली. काळं बोट अजून तसंच.

"मला निघायचंय आता," तो म्हणाला आणि भर दुपारी शटर ओढायला लागला.