मंजूर झालेला कोट

आमचे मॅनेजर साहेब नव्या मुलींना पहिल्या दिवशी भाषण देतात. कपड्यांच्या उद्योगात करिअरला केवढा वाव आहे, आज धागे कापणारी मुलगी उद्या सुपरवायझर होते, परवा थेट सॅम्पल रूममध्ये जाते, वगैरे वगैरे. साहेबांना स्वतःच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावता येत नाही, पण बोलायला लागले की थांबायचं नाव घेत नाहीत. त्या भाषणातली सुपरवायझर म्हणजे मी. ते माझ्याकडे हात करतात आणि मी शहाण्यासारखी मान हलवते.

सॅम्पल रूम वरच्या मजल्यावर. तिथे थंड हवा, गुळगुळीत टेबलं आणि आमचा सॅम्पल मास्तर. त्याला आम्ही खाली 'कलाकार' म्हणतो आणि ते कौतुकानं म्हणत नाही. गळ्यात टेप टाकून हा माणूस दिवसभरात एक कपडा शिवतो, तो पुतळ्यावर चढवतो आणि चार पावलं मागे जाऊन स्वतःवरच खूश होतो. बाहेरून आलेले ग्राहक तो कपडा बघून ऑर्डर देतात. मग तसेच हजारो कपडे खाली माझ्या लाइनवर शिवायचे. कलाकाराचं काम तिथे संपलेलं असतं.

यंदा त्याने बायकांचा कोट केला. बाही खांद्याला अशी गोल बसली होती की शिलाई शोधावी लागली. ग्राहकानं जागेवर मंजूर केला. खाली लाइनवर मात्र बाही मुंढ्यात, म्हणजे कोटाच्या खांद्याशी बाहीसाठी ठेवलेल्या घेरात, मावेना. कापड उरायचं आणि खांद्यावर चुण्या यायच्या. बाहीच्या मशीनवर बसली होती माझी भाची. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, नुकतीच लागलेली, अजून कायम न झालेली. तिच्या बापाचं म्हणणं स्पष्ट होतं: ही नोकरी टिकली तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं घरी बसायचं. पोर रोज रात्री मला फोन करून रडायची.

मी वर जाऊन सॅम्पलचं अस्तर उसवलं. व्हायचं तेच झालं होतं. कलाकारानं बाहीचा माथा, म्हणजे खांद्याला जोडायचा वरचा गोल भाग, गरजेपेक्षा मोठा कापला होता, मग जादाचं कापड हातानं धावदोरा घालून गोळा केलं, वाफ देऊन जिरवलं आणि वर शिलाई मारली. एका कोटाला हे जमतं. लाइनवरच्या मुलीला ना धावदोरा मिळतो ना वाफ, आणि श्वास घ्यायलाही फारशी फुरसत नसते.

"मास्तर, बाहीचा पॅटर्न कमी करा," मी म्हटलं.

"पॅटर्न मंजूर आहे," तो चहात बिस्किट बुडवत म्हणाला. "तुमच्या मुलींना कापड समजत नाही, त्याला मी काय करू?"

साहेबांकडे गेले तर साहेबांनी तोडगा काढला. कलाकारानं खाली येऊन मुलींना दाखवायचं. महाशय इस्त्री, सुईदोरा आणि पाण्याचा फवारा घेऊन आले. सगळी लाइन थांबवून त्यांनी एक बाही बसवली. तेवढ्या वेळात आम्ही टोपलीभर बसवल्या असत्या. बाही सुंदर झाली आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा, होतं की," साहेब म्हणाले. मग भाचीकडे वळले. "उद्या संध्याकाळपर्यंत अशी बसली नाही, तर तुझ्या जागी दुसरी."

अशा माणसाशी काय वाद घालणार? मी कटिंगवाल्याला गाठलं. तो माझा जुना माणूस. कापून ठेवलेल्या बाह्यांचे गठ्ठे पुन्हा टेबलावर मांडून त्याने माथा अर्धं बोट उतरवला. पकडले गेलो असतो तर दोघांचीही नोकरी गेली असती, कारण मंजूर मापाला हात लावायचा नसतो. भाचीनं विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्या गळ्यातच पडली.

दुसऱ्या दिवशी बाह्या मुकाट्यानं बसल्या. एक चुणी नाही. कोट रवाना झाले, आणि बाही अर्धं बोट कमी गोल आहे हे ना ग्राहकाला कळलं, ना साहेबांना, ना त्या कलाकाराला. उलट साहेब सगळ्यांना सांगत सुटले की मास्तरांनी एकदाच दाखवलं आणि पोरीनं उचललं. कलाकार नम्रपणे हसला. निर्लज्जपणा नम्र दिसू शकतो हे मला तेव्हा कळलं. त्याने भाचीला मदतनीस म्हणून वर मागून घेतली, कायम नोकरीवर. साहेबांना भाषणासाठी नवं उदाहरण मिळालं. खोटं का बोलू, मलाही आनंद झाला. बहिणीला मीच फोन करून कळवलं.

पुढच्या हंगामात वरून नवा कोट आला. मंजूर झालेला, भाचीनं स्वतः शिवलेला. मी अस्तर उसवलं आणि तसाच धरून वर गेले. ती पुतळ्यासमोर उभी होती. कलाकार बाजूला बसून पेपर वाचत होता.

"अगं, माथा केवढा ठेवलायस? तुला तर माहीत आहे खाली काय होतं ते."

"मावशी, माथा कमी केला की बाही अशी गोल दिसत नाही," ती म्हणाली. "साहेबांना गोल लागते."

"आणि चुण्या आल्या की मशीनवरची पोर जाईल, त्याचं काय?"

तिनं कलाकाराकडे एकदा पाहिलं. मग माझ्या हातातून कोट घेतला, उसवलेलं अस्तर नीट आत सारलं आणि कोट मला परत दिला.

"मावशी, या वेळी खाली काही कापून घेऊ नकोस," ती हळूच म्हणाली. "कटिंगची मापं तपासायचं काम आता माझ्याकडे आहे. मला साहेबांना कळवावं लागेल."

कलाकारानं पेपरचं पान उलटलं. त्याला बोलायची गरजच नव्हती, त्याचं काम करायला आता माझ्याच घरची पोर होती. मी कोट घेऊन जिना उतरले. लाइनवर मुली माना खाली घालून शिवत होत्या. बाहीच्या मशीनवर त्यांच्यातली कोणती बसवायची, ते मला ठरवायचं होतं.