दहा अंशांचा हात

माझं खरं नाव गोनिओमीटर. सोनाळ्यात ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून तिथे मी नुसता 'पट्टी' झालो.

मी पारदर्शक प्लास्टिकचा आहे. मधोमध एक गोल चकती, तिच्यावर शून्यापासून एकशेऐंशीपर्यंत बारीक काळे आकडे, आणि तिच्याभोवती फिरणारी दोन लांब पाती. एक पातं हातावर ठेवायचं, दुसरं पंज्यावर, आणि मनगट किती वळतं ते वाचायचं. कोपर, गुडघा, बोट, काहीही मोजा, मला एवढंच येतं. ते का वळत नाही, हे मला सांगता येत नाही.

माझा जन्म साच्यातला. नागपूरच्या एका सर्जिकलच्या दुकानात मी दीड वर्ष काचेखाली पडून होतो. मग मला व्यवसायोपचार शिकणाऱ्या एका मुलीने घेतलं, आणि शिक्षण संपल्यावर जाताना तिने मला होस्टेलमधल्या तिच्या धाकट्या मैत्रिणीच्या हातात ठेवलं. ती पुष्पांजली. तेव्हापासून मी तिचा.

पुष्पांजली सोनाळ्याच्या दयाराम शिंप्यांची एकुलती एक मुलगी. स्टँडजवळ त्यांचं दुकान होतं. एक मशीन, एक कापायचं टेबल आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेले टेप. गावातल्या शाळेचे गणवेश तेच शिवायचे. पोरगी काय शिकते, हे मात्र त्यांना गिऱ्हाइकांना नीट सांगता येत नसे. 'व्यवसायोपचार' म्हटलं की लोक विचारत, "म्हंजे धंद्याचं शिकून राह्यली का?" मग ते म्हणत, "लकवा झालेल्या मानसाले पुन्हा कामाले लावते थे." त्यांनी सांगितलेला अर्थ पुस्तकातल्या अर्थापेक्षा फार वेगळा नव्हता.

कॉलेजात मॅडम सांगायच्या, "अंश लिहाच, पण त्या हाताने रोग्याला काय करायचंय ते आधी विचारा. कुणाला भाकरी थापायची असते, कुणाला पोराच्या शर्टाची बटणं लावायची असतात." पुष्पांजली ते वहीत उतरवून घ्यायची. तिची वही स्वच्छ होती. खोडाखोड फार कमी.

तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. त्याच आठवड्यात एका सकाळी दयारामभाऊ दुकानात कापड कापता कापता टेबलावर कोसळले. उजवी बाजू गेली. लोक म्हणाले, वारा लागला. त्यांना शेजारच्या गावी लकव्याचं औषध देणाऱ्या एका माणसाकडे नेलं. तिथे तेल चोळण्यात आणि काढा पाजण्यात दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्याच्या दवाखान्यात पोचले, तेव्हा डॉक्टर म्हणाले की पहिल्या चार तासांत आणायला हवं होतं.

पुष्पांजली रोज संध्याकाळी घरी फोन करायची. तिची आई चांगुणाबाई तीन दिवस एकच सांगत राहिली, "बाबा दुकानात हायेत." त्या तीन दिवसांत पुष्पांजलीच्या परीक्षेत जो रोगी आला, त्याची नेमकी उजवीच बाजू लुळी होती. तिने त्याचं मनगट माझ्याने मोजलं आणि परीक्षकांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. मी तिच्या हातातच होतो.

चौथ्या दिवशी ती अकोल्याला आली. वॉर्डाबाहेर तिने आईला विचारलं, "मले काऊन नाई सांगतलं?"

"तुही परीक्षा होती ना वं."

"मी फोनवरच सांगतलं असतं, कोठी न्याचं ते. मी तेच शिकून राह्यली, आई."

"म्हनून तं नाई सांगतलं," चांगुणाबाई म्हणाली. "तुहं शिकनं मोडू नये म्हनून."

पुढे त्या दोघी या विषयावर कधी बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर पुष्पांजलीने वडिलांचा हात उशीवर ठेवून पहिल्यांदा मोजला. "मनगट वर उचला, बाबा." काहीच झालं नाही. शून्य. दयारामभाऊंनी तोंड फिरवलं. पाय मात्र हळूहळू सावरला, बोलणं स्पष्ट झालं, काठी घेऊन ते दारापर्यंत येऊ लागले. दिवाळीला ती आली तेव्हा मनगट थरथरत वर उठलं. माझं पातं दहावर थांबलं.

"दहा," ती म्हणाली.

"पयले किती होतं?"

"शून्य."

"म्हंजे येऊन राह्यला हात," ते म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी चहा मागितला.

संक्रांतीला तिने पुन्हा मोजलं. पुन्हा दहाच. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने मला थोडं कलतं धरलं आणि म्हणाली, "वीस."

तेव्हा मला ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं. वहीत तिने दहाच लिहिलं. वही बॅगेत गेली, वीस घरात राहिले. ते चांगुणाबाईने शेजारी सांगितले. शेजारच्या दुकानात काज-बटण करणारे कय्यूमभाई भेटायला आले, त्यांनाही दयारामभाऊंनी स्वतः सांगितले.

होळीला येताना पुष्पांजलीने नागपूरहून डाव्या हाताची कैची आणली. अशी कैची शोधायला तिला चार दुकानं फिरावी लागली होती. येणारा हात तेवढाच येणार, हे तिला आता कळून चुकलं होतं. डावा हात शिकवायला हवा होता, आणि लवकर. पण आधी मोजायचं होतं. मनगट दहावर आलं. दयारामभाऊंनी विचारलं, "किती?"

"तीस."

मग तिने कैची पुढे ठेवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली. "आता डाव्याचं काय काम पडते? तीस झाला ना."

कैची पेटीत गेली.

मे महिन्यात शाळेचे गुरुजी नेहमीप्रमाणे घरी आले. यंदा जमेल का, त्यांनी विचारलं. दयारामभाऊ म्हणाले, "जूनलोक हात येते." गुरुजींनी जूनपर्यंत द्यायच्या साठ गणवेशांचं निळं कापड टाकलं. चांगुणाबाईने मुलीला फोन केला तेव्हा तिच्या आवाजात आनंद होता.

पुष्पांजली दुसऱ्याच दिवशी निघाली. शेगावपासून सोनाळ्यापर्यंत एसटीत ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. तिचे ओठ हलत होते. मी तिच्या मांडीवरच्या पिशवीत होतो.

घरी आल्यावर ती आईबरोबर चक्कीवर गेली. दयारामभाऊ एकटेच होते. त्यांनी डाव्या हाताने पिशवीची चेन उघडली आणि मला बाहेर काढलं. उशी ओढून घेतली. एक पातं हाताच्या हाडाला लावलं, दुसरं पंज्याला. एका हाताने जमेना, तेव्हा एक पातं दातांत धरून मला सरळ केलं. सहा महिने त्यांनी मुलीला हे करताना पाहिलं होतं. मग मनगट उचललं आणि वाकून वाचलं. पुन्हा उचललं. तिसऱ्यांदा उचलताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी मला होतो तसा पिशवीत ठेवलं आणि चेन लावली.

संध्याकाळी तिने हात मोजायला घेतला. आज सांगायचंच, असं ठरवून आली होती ती. पण खोलीच्या कोपऱ्यात निळ्या कापडाचे गठ्ठे होते, आणि आई दारात उभी राहून ऐकत होती.

"किती?" दयारामभाऊंनी विचारलं.

"चाळीस."

त्यांनी हात ओढून घेतला नाही. तसाच उशीवर राहू दिला. "पट्टी मले वाचता येते, पुष्पा. तीस वर्सं टेप वाचला म्या."

तिने माझी पाती मिटून मला उशीशी ठेवलं.

"दहा हाय. दिवाईलेही दहाच होता ना?"

"हाव, बाबा."

"अन् थे वीस? थे तीस?"

"नोयते, बाबा. तुमी चहा मांगतला होता त्या दिवशी. मले वाटलं..."

त्यांनी गठ्ठ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "होईले तू कैची आनली होती. तवाच सांगतलं असतं तं डावा हात आतालोक शिकला असता."

दुसऱ्या दिवशी कय्यूमभाईंनी कापड शाळेत परत नेऊन दिलं. परत आल्यावर ते संकोचत म्हणाले, "दयारामभाऊ, मशीन बंद राह्यली तं जंग लागते. मी चालवू का?" दयारामभाऊंनी मान हलवली. मशीन कय्यूमभाईंच्या दुकानात गेली. त्यानंतर डावी कैची पेटीतून निघाली. आठ-दहा दिवस दयारामभाऊंनी त्या कैचीने जुनी वर्तमानपत्रं कापली. कडा वाकड्या येत. मग एक दिवस त्यांनी कैची कापडात गुंडाळून ठेवून दिली.

पुष्पांजली म्हणाली, कॉलेज सोडते. ते एवढंच म्हणाले, "सोडू नको. पन माह्या हाताले आता पट्टी लावू नको."

तिने परत मला त्यांच्या हाताला लावलं नाही.

आता ती इंटर्नशिप करते आहे. रोग्यालाही आकडा दिसेल असा ती मला धरते आणि मोठ्याने वाचते. मळणीयंत्रात हात सापडलेली जनकाबाई नावाची एक बाई यायची. "कितीक आलं?" तिने विचारलं. "पाच." "मांगच्या खेपेले?" "पाचच होतं, मावशी." जनकाबाईने पदराने हात झाकला. पुढच्या सोमवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पुष्पांजलीने तिच्या घरी दोनदा फोन केला. कुणी उचलला नाही. खरं सांगितल्याने सगळं नीट होतं, असं काही मी पाहिलेलं नाही.

माझ्यावरचे आकडे आता पुसट होत चाललेत. नव्वदच्या पुढचे तर जेमतेम दिसतात. लवकरच मला कुणी टाकून देईल, त्याचं वाईट वाटत नाही. मागणं एकच आहे. तुमच्या घरातलं कुणी असा हात पुढे करून 'किती?' विचारेल, तेव्हा जे असेल ते सांगा, आणि सांगून उठून जाऊ नका. त्याच्याजवळ बसा.

परवा पुष्पांजली घरी आली होती. दयारामभाऊंची उजवी मूठ आता घट्ट मिटलेली असते. नखं तळव्यात रुततात. ते तिला नखं मात्र कापू देतात. तिने कोमट पाण्यात मूठ भिजवली, एकेक बोट हळूच सोडवलं आणि नख काढत गेली. मी खाटेवर उघड्या पिशवीत होतो.

"उघडन का हा आता कधी?" त्यांनी विचारलं.

ती थांबली. "नाई, बाबा."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आंगठ्याचं राह्यलं."