गुरुवारचा डाव

"सोडलं मी," लवू म्हणाला आणि त्याने हातातली दोन पानं चटईवर उलटी टाकली.

"परत?" दत्ताराम हसला. "अरे मेल्या, जरा तरी लढ ना."

"कशावर लढू? हातात होतं काय माझ्या?"

नंदूने तर आधीच पानं टाकली होती. दत्तारामने मधला चिंचोक्यांचा ढीग दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढला आणि आपले दोन राजे सगळ्यांना दिसतील असे मांडले. मधे उघड्या पडल्या होत्या दोन अठ्ठ्या आणि एक पंजी. राजांच्या उपयोगाचं त्यात काही नव्हतं. तरी त्याने रेटून नेलं होतं आणि समोरचे पळाले होते.

हा डाव लवूने बोटीवरून आणलेला. वीस वर्षं तो बोटीच्या इंजिनखोलीत होता. गुडघा गेला तसा घाटकोपरला भटवाडीत येऊन राहिला आणि चाळीतल्या या दोघांना त्याने खेळ शिकवला. प्रत्येकाला दोन पानं, ती ज्याची त्यानेच बघायची. मग मधे तीन पानं उघडी, ती सगळ्यांची. मग आणखी एक आणि शेवटी आणखी एक. हातातली आणि मधली मिळून ज्याचं जमेल ते भारी; जोड्यांपेक्षा तीन सारखी भारी. पैसे लावायचे नाहीत, अशी लवूच्या बायकोची, रुक्मिणीची ताकीद होती. म्हणून चिंचोके.

शिकवताना लवू एकच गोष्ट बजावायचा. "दोन राजे आले म्हणून माजायचं नाय. मधली तीन पानं कोणाच्या बापाची नसतात. ती तुझ्या कामाची नसतील तर राजेसुद्धा टाकता आले पाहिजेत."

नंदूला ते लगेच जमलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा, डोकं थंड. दत्तारामला मात्र कधीच जमलं नाही. चांगली पानं आली की ती त्याच्या हातून सुटायचीच नाहीत. गिरणीचा संप फसला हे सगळ्यांना कळून चुकल्यावरही तो वर्षभर गेटावर जात राहिला होता. शेवटी वनमालेने, त्याच्या बायकोने, भांडूपच्या एका कारखान्यात कुणाकुणाला सांगून त्याला चिकटवला. तिथे सुट्टी गुरुवारी. नंदूचं दुकानही गुरुवारी बंद. म्हणून डाव गुरुवारचा, लवूच्या खोलीत.

पहिली दोन वर्षं तो सारखा हरायचा. गेल्या श्रावणापासून मात्र जिंकायला लागला. कारखान्यात सांगायचा, आता मला समोरच्याचं तोंड वाचता येतं. मार्गशीर्षात वनमाला गेली. पोटात पाणी झालं आणि दहा दिवसांत आटोपलं. त्यानंतर या एका डावात तेवढं त्याला बरं वाटायचं. तिला जाऊन आता पाच महिने झाले होते.

पिसायची पाळी दत्तारामची होती. त्याने चटईवरची पानं गोळा केली. लवूने टाकलेली दोन वरच होती. सहज उलटली. इस्पिकचा एक्का आणि बदामची अठ्ठी.

त्याने मधल्या दोन अठ्ठ्यांकडे बघितलं. मग परत हातातल्या अठ्ठीकडे.

"लवू, तुझ्याकडे तीन अठ्ठ्या होत्या. माझ्या राजांना भारी."

"असतील. लक्ष नव्हतं माझं."

"तुझं? वीस वर्षं बोटीवर खेळलेल्या माणसाचं?"

नंदू चष्मा पुसायला लागला.

"नंदू, तू काय टाकलंस?"

"जाऊ दे ना यार. वाट पानं."

"मी विचारतोय, कधीपासून चाललंय हे?"

"दत्ता, तुझी बायको गेलेली. वाटलं, जिंकलास तर बरं वाटेल तुला..." नंदू म्हणाला.

"थापा नको मारू! ती गेली मार्गशीर्षात. मी जिंकतोय श्रावणापासून."

लवूने मान खाली घातली. रागावला किंवा गडबडला की त्याच्या तोंडी गावची भाषा यायची. "तिनाच सांगितल्यान रे. शपथ घातल्यान माका."

"कोणी?"

"वनमालान."

आतून रुक्मिणी बाहेर आली. हात पिठाचे होते. "भावजी, ओरडायचं तर माझ्यावर ओरडा. ह्यांना मीच सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"तुम्ही हरलात की पाचच्या आत घरी जाता. जिंकलात की सात वाजले तरी उठत नाही. लवकर घरी गेला असतात तर तिला शोधत निघाला असतात. आम्हाला परत यायला साडेसहा व्हायचे."

"कुठून? मठातून ना? दादरच्या?"

रुक्मिणीने डोळे पुसायला हात उचलला, पिठाचा म्हणून तसाच खाली घेतला. "आम्ही मठात गेलोच नाही कधी. परळला जायचो, हॉस्पिटलात. नऊ गुरुवार. इंजेक्शनं होती. मग डॉक्टरच म्हणाले, आता नका आणू."

दत्ताराम ऐकत राहिला. गेल्या श्रावणात वनमालेने गुरुवार धरले होते. दिवसभर काही खायचं नाही, रुक्मिणीबरोबर मठात जायचं, संध्याकाळी प्रसाद आणायचा. ती वाळत चालली, तेव्हा त्याला वाटलं, उपासानं. एकदा म्हणालाही होता, पुरे झाला तुझा देव.

"आणि ते साखरफुटाणे?"

"नाक्यावर घ्यायचे मी."

"कपाळाला लावून खाल्ले मी ते, वहिनी."

दत्तारामने समोरचा चिंचोक्यांचा ढीग हाताने दूर सारला.

"ती घरी यायची. मी सांगायचो, आज पण जिंकलो गं. ती म्हणायची, वा! जेवताना विचारायची, कसं जिंकलात ते सांगा. तुम्ही तिघं, चौथी ती. सगळ्यांना ठाऊक. माझी बायको मरतेय आणि मी इथे चिंचोके गोळा करतोय!"

"तुम्हाला सांगितलं असतं तर काय केलं असतंत?" रुक्मिणी म्हणाली. "खोली विकली असतीत."

"विकली असती! दहा डॉक्टर केले असते."

"तेच तिला नको होतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं, फार उशीर झालाय. ती म्हणाली, दारातून बघते ना मी ह्यांचा खेळ. राजे आले की मधलं काही बघतच नाहीत. खोली जाईल, मीही जाईन. मग हे कुठे राहतील?"

"ते तिने ठरवायचं? मला न विचारता?"

लवू पुढे सरकला. त्याने दत्तारामच्या खांद्यावर हात ठेवला. "दत्ता, मी सोडलं असतं का रे हातातलं असं? पण ती पाया पडली माझ्या. आणि ती गेल्यावर तुला परत हरवायचा धीर झाला नाही."

दत्तारामने तो हात काढून बाजूला ठेवला. जोर न करता, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

"तू मला खेळ शिकवलास लवू. आता तुझ्याशी मी नाही खेळणार."

तो उठला. चपलांपर्यंत गेला. एक पायात घातलीसुद्धा. मग थांबला, ती काढली, आणि परत येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसला. लवूकडे त्याची पाठ होती.

"वहिनी, पहिल्या गुरुवारपासून सांगा."

"कशाला आता, भावजी? त्रास होईल."

"माझे होते ते नऊ. तुम्ही घेतलेत. सांगा."

रुक्मिणी परातीपाशी बसली. पीठ नुसतंच बोटांनी चाचपत राहिली.

"पहिल्या गुरुवारी... पहिल्या गुरुवारी नंबर लांब होता आमचा. एक वाजला. ती म्हणाली, रुक्मिणी, मला भूक लागलीय. मी म्हटलं, घरी उपास सांगून आलीस ना? तर म्हणाली, मठातल्या देवाला सांगितलाय, इथल्या नाही. मग बाहेर गाडीवर गेलो. बटाटेवडे खाल्ले तिने. दोन."

"दोन?"

"दोन. आणि तिखट मिरची मागून घेतली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हसत होती. म्हणाली, ह्यांना सांगू नकोस हां."

दत्तारामने मान हलवली.

"बरं," तो म्हणाला. "मग?"