निवळीचा हौद

हळद शिजवायच्या कारखान्यामागेच घर, आणि दोन्हींना मिळून बोअर एकच. त्यामुळे मार्च लागला की महेजबीनचा जीव टांगणीला लागायचा. गेल्या उन्हाळ्यात घरातला नळ कोरडा पडला, तेव्हा लेकरू पोटात होतं. आता खुशनुमा रांगत होती.

बीएस्सी झालेल्या या सुनेनं सासऱ्यांच्या, चाँद पाशांच्या, मागे टुमणंच लावलं. हळकुंडं धुतलेलं पाणी नाल्यात सोडू नका, हौदात निवळू द्या, पुढची हळकुंडं आधी त्याच पाण्यात धुवा, ताजं पाणी शेवटी तेवढं मारा. बोअरचं निम्मं पाणी वाचेल, घराला पावसापर्यंत पुरेल. नवरा, शाकीर, हसला. गाळ उपसायला तू उतरशील का, म्हणाला. ती उतरलीसुद्धा. आणि खरंच, एप्रिल अर्धा सरला तरी नळाची धार बराबर होती. शिरड शहापुरातले लोक हौद बघायला यायचे. चाँद पाशा येईल त्याला सांगायचे, आमच्या सुनंचं डोकं.

मग एका सकाळी ट्रॅक्टरमधून हळद शिजवायचा दुसरा कुकर उतरला.

"अब्बा, हे काहून?"

"पाणी उरून राहिलं ना बेटा. कळमनुरीकडची हळद बी आता आपल्याकडंच येईल. तुझ्यामुळंच जमलं हे."

उरलेलं नव्हतं ते, लेकराचं होतं. शाकीरजवळ विषय काढला, तर तो म्हणाला, नाही म्हटलं तर शेतकरी दुसरीकडं जातील, अन् गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. तेही खोटं नव्हतं.

मे महिन्यात बोअर आधी हवा फेकू लागला, मग गढूळ पाणी, मग काहीच नाही. दोन्ही कुकर भरलेले, हळद अर्धी कच्ची. वाफ थांबली असती तर माल गेला असता. चाँद पाशांनी घराच्या टाकीतलं पाणी बॉयलरला जोडायला लावलं. सुनेकडं न बघता म्हणाले, "लेकराला घेऊन माहेरी जा बेटा. पाऊस पडला की आणतो."

ती पिशवी भरत होती तेव्हा तांड्यावरचा रामसिंग दारात आला. कुकरात हळद त्याचीच होती, पण विचारत होता हौदाचं.

"ताई, आमी बी बांधून राहिलो. किती खोल घ्यावा? पाणी वाचलं तर अजून हळद लावता येती."

महेजबीननं खुशनुमाला कडेवर घेतलं. तिनं खोली सांगितली. त्यानं पुन्हा विचारून पक्की करून घेतली.