झऱ्यावरच्या चिंध्या

अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉयचं अख्खं मराठी मंडळ गुरुदत्तकाकांना निवृत्त सर्जन म्हणून ओळखतं, आणि त्याहून जास्त स्वच्छतेच्या वेडासाठी. त्या शनिवारी त्यांनी क्लीनअप ड्राइव्ह काढला. कोणी फिरकलंच नाही, मग बायकोला, संध्याकाकूंना, हातमोजे चढवून ॲन आर्बरबाहेरच्या आयरिश चर्चमागच्या झऱ्यावर नेलं. झऱ्यावर वाकलेल्या झाडाला शे-पन्नास मळक्या चिंध्या बांधलेल्या! काकांचं डोकंच फिरलं.

"देवाच्या दारात हा उकिरडा!"

तासाभरात झाड लख्ख झालं. खालच्या फांद्या काकूंनी केल्या.

पिशवी बांधताहेत तोच डेक्लन नावाचा एक दांडगा माणूस फावडं घेऊन धावत आला. चर्चचा माळीच तो. झाडाकडे पाहिलं आणि फावड्याचा दांडा सरळ काकांच्या बरगडीत घातला. कडाड! काका कोसळले. मग लाथा, पोटात, पाठीत, तोंडावर. दोन दात रक्तासकट चिखलात पडले. एवढे मोठे डॉक्टर, पण "आई गं" म्हणून केकाटत होते.

"अरे मेल्या, जीव घेशील त्यांचा!" काकू मराठीतच किंचाळल्या आणि त्याच्या पाठीवर बुक्के घालू लागल्या. त्याने झटकलं तशा दगडावर आपटल्या.

"माझ्या पोरीच्या निळ्या फ्रॉकची पट्टी होती!" डेक्लन ओरडला. "सात वर्षांची आहे. ब्लड कॅन्सर आहे. पट्टी कुजेल तसा आजार जातो. आधीच कोणी सोडली तर उलटतो पोरीवर. सोडणाऱ्याने तोंडाने म्हटलं, मी घेतला, तरच ती सुटते. म्हण!"

"नॉन्सेन्स," काका रक्त थुंकत म्हणाले. हट्टी माणूस, मरताना तरी वाकेल का!

डेक्लनने फावडं डोक्यावर उचललं.

निळी पट्टी काकूंनी सोडली होती. नुसते शब्दच ते, म्हणायला काय जातं? पण जीभ उचलेना. भीती वाटली, खरंच लागू झालं तर?

"मी सोडली," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तिचा आजार मी घेतला."

"पुन्हा."

तीनदा वदवून घेतलं त्याने. मग फावडं टाकून मटकन खाली बसला, आणि स्वतःच ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

"संध्या," काका पुटपुटले, "वेड्याला शांत करायला बरं सुचलं तुला."

"नाही हो," काकूंना रडू फुटलं. "खरंच घेतला मी."