दुसरा अर्थ

ठमानं मुद्रितांचा कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि शब्द मोठ्यानं वाचला, "ब्रीच."

आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेल्या बाबांनी हात जरासा वर केला. हयातभर त्यांनी इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लावले होते. आता दृष्टी गेली होती, आणि सारख्या अर्थाचे शब्द एकत्र लावलेल्या त्यांच्या कोशाची, छापखान्यातून आलेली शेवटची मुद्रितं लेकीच्या डोळ्यांनी तपासून होत होती.

"आधी भगदाड घे. तट फुटतो ना, ते. वचनभंग, नियमभंग मागाहून. माणसानं आधी भिंत फोडली, मग शब्द."

दुपार कलली होती. पडदा फुगायचा, ओसरायचा. जणू घरच झोपेत श्वास घेत होतं. बाबा इतकं सावकाश बोलत की दोन वाक्यांमधल्या शांततेत ठमाचे डोळे मिटू लागत. मग तिला तो फुटलेला तट दिसे, पलीकडचं माळरान दिसे, आणि त्यावरून पाठमोरी चाललेली माणसं. त्यांच्या पावलांचा आवाजच येत नसे.

"झोपलीस?"

"नाही हो. इन्फ्रिंज."

"नियमाचं उल्लंघन. पण एका घावात दोन तुकडे नव्हेत. काठाकाठानं कुरतडणं."

"उंदरासारखं?"

"तसं छापू नकोस. उंदीर भांडायला येतील."

ती हसली. बाबाही डोळे न उघडता हसले.

पुढचा शब्द पाहून तिनं ओठांवरून जीभ फिरवली.

"बिट्रे."

"विश्वासघात करणे," बाबा लगेच म्हणाले.

आई दुसऱ्या माणसाबरोबर निघून गेली, तेव्हा बाबांनी ठमाकडून वचन घेतलं होतं: तिला भेटायचं नाही, तिचं नाव या घरात काढायचं नाही. पुढे तो माणूस टिकला नाही. आई एकटीच राहू लागली. ठमा छापखान्याचं निमित्त काढून तिच्याकडे जाऊ लागली, आधी चोरासारखी, मग सवयीनं. बाबांनी कधी खोदून विचारलं नव्हतं.

"दुसरा अर्थ राहिला," बाबा म्हणाले. "मनातलं नकळत उघडं पडणं. आपलाच चेहरा, आपलाच आवाज आपल्याला फितूर होतो. उदाहरण लिहून घे."

तिनं पेन्सिल उचलली.

"'छापखान्यात जाऊन येते, असं ती म्हणाली, पण तिच्या आवाजानंच चुगली केली.'"

पेन्सिल शब्दाच्या मध्येच थांबली. वारा पडला होता. पडदा गजांना चिकटून राहिला.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"डोळे गेले की कान तिखट होतात, बाई."

"बाबा, मी..."

त्यांनी हातानंच तिला थांबवलं. तोच हात मग खुर्चीच्या दांडीवर बराच वेळ मागेपुढे फिरत राहिला, लाकडावरचं काही वाचत असल्यासारखा.

"बरी आहे ना ती?"

"गुडघे गेलेत. तिसऱ्या मजल्यावर राहते. खाली उतरणं जवळजवळ बंदच झालंय."

बाबांनी मान वळवली. आतल्या खोल्यांकडे त्यांनी कान दिला, जणू घराची लांबीरुंदी नव्यानं मोजत होते.

"आपल्याकडे जिना नाही," ते म्हणाले. "हं. पुढचा शब्द वाच."