कुलपांच्या कारखान्यातली दारं

आमच्या कारखान्यात दारात बसवायची कुलपं बनतात, मुठीची. आणि आमच्याकडे एक जुना नियम आहे. नवं कुलूप बाजारात जाण्याआधी सहा महिने आमच्याच ऑफिसच्या दारांना बसवायचं. सव्वीस दारं होती. माणसं दिवसभर ये-जा करणार. कोणी रागाने दार आपटणार, कोणाचे हात भरलेले असले की तो कोपराने मूठ दाबणार, कोणी भलतीच किल्ली घालून खुडबुडत बसणार. मशीन लाख वेळा मूठ फिरवतं, पण मशीनला राग येत नाही आणि घाईही नसते.

त्या कुलपांची डॉक्टरीण मी. बावीस वर्षं झाली. कुठलं कुलूप कुठल्या दाराला अडलं, कोणाच्या हातून अडलं, सगळं वहीत लिहायचं. मी हो म्हटल्याशिवाय माल बाहेर जात नाही. शिक्षण नववी नापास. तरी इंजिनियर लोक माझी वही बघून ड्रॉइंग बदलतात, म्हणून इथे ताठ मानेने चालते.

मग मालकांचा भाचा आर्किटेक्ट होऊन आला. ऑफिस बघितलं आणि म्हणाला, "मामा, इथे जीव घुसमटतो. भिंती पाडा. माणसं एकमेकांशी बोलायला लागतील."

पोराचं बोलणं खोटं नव्हतं. त्या सव्वीस दारांचं कौतुक कोणी माझ्यासमोर करू नये. विक्रीसाहेबांच्या दाराबाहेर एक बाकडं होतं. रजा मागायची तर त्या बाकड्यावर बसायचं. आतून हसण्याचा आवाज यायचा आणि आम्ही भिंतीवरचा रंग बघत बसायचो. बहिणीचं ऑपरेशन होतं, तेव्हा मी तिथे चाळीस मिनिटं बसले होते. दार वाजवणारे आम्ही आणि "थांबा" म्हणणारे ते, असा कारखाना होता आमचा. त्यामुळे भिंती पाडायला सुरुवात झाली तेव्हा पहिला घाव मी मागून घेतला. हातोडा जड होता. पण फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तीन आठवड्यांत लांबलचक, स्वच्छ, उजेडाचा हॉल तयार झाला. मालकसुद्धा सगळ्यांत टेबल टाकून बसले. सगळे खूश.

चौथ्या आठवड्यात नवं कुलूप, नऊ नंबरचं, खालून तयार होऊन आलं. मी स्क्रूची डबी आणि पेचकस घेऊन वर गेले आणि हॉलच्या मधोमध उभी राहिले.

बसवू कुठे?

कुलपं विकून पोट भरणारी अठ्ठावन्न माणसं आम्ही. भिंती गेल्या की दारं जातात हे एकाच्याही डोक्यात आलं नाही! मालकांच्या नाही आणि हातोडा मारणाऱ्या या शहाणीच्याही नाही. उरली होती दोन संडासांची दारं आणि एक स्टोअरचं.

विक्रीसाहेब खुर्चीतून न उठता म्हणाले, "त्यात काय एवढं? मशीनवर लाख वेळा फिरवलंय, तेवढं पुरे. माल जाऊ दे. मावशींना पॅकिंगला घ्या, तिथे माणसं कमीच आहेत."

मालकांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "पंधरा दिवस बघू," म्हणाले. "मार्ग निघाला तर ठीक."

पंधरा दिवस! बावीस वर्षांचं काम खोक्यांना चिकटपट्टी लावण्यात जाणार होतं.

लेथवरचा टर्नर माझा जुना दोस्त. त्याने लोखंडी पाय जोडून चार चौकटी उभ्या केल्या आणि मी त्यांना काढलेली जुनी दारं आणि नवी कुलपं लावली. नुसती दारं, भिंत नाही, हॉलमध्ये चार ठिकाणी. पहिल्या दिवशी सगळे हसत हसत त्यांतून गेले. "आत येऊ का?" विचारून गेले. तिसऱ्या दिवशी सगळे बाजूने जायला लागले. विक्रीसाहेब तर पहिल्या दिवसापासून बाजूनेच.

सातव्या दिवशी भाचा आला. "मावशी, हे काय, नाटकाचा सेट?"

"तुझीच कृपा, बाळा."

"कोणी दारातून जात का नाही?"

"बाजूला मोकळं आहे म्हणून. कॉलेजात एवढंही शिकवलं नाही?"

तो ओशाळला, पण पळाला नाही. खुर्ची ओढून बसला. मी म्हटलं, "आलाच आहेस तर आणखी एक बघ. या तुझ्या हॉलमध्ये बोलतंय कोण?"

त्याने मान वळवली. वीसेक माणसं, पण ऐकू येत होता तो फक्त पंखा. प्रत्येकाला प्रत्येकाचं ऐकू जातं, म्हणून कोणी तोंडच उघडत नव्हतं. फोन आला की माणूस उठून संडासात जायचा. घरचं भांडण, डॉक्टरचा निरोप, सगळं तिथे. विक्रीसाहेबही तिथेच जाऊन गिऱ्हाइकाला गोड बोलायचे. ज्याला खरंच संडासाला जायचंय तो बाहेर पाय आवळून उभा.

भाचा कपाळाला हात लावून हसला. "माझं ऑफिस संडासात चालतंय!"

"चालतंय ना? मग आता मोजू कोण कुठून कुठे जातं ते."

दोन दिवस आम्ही चहाच्या टेबलाशी बसून रेघा मारल्या. कारखान्यातून चहाकडे जाणारी वाट सगळ्यांत दाट निघाली. चार वेळचा चहा आणि खाली कामाला असलेली सगळी माणसं. मी त्या वाटेवर बोट ठेवलं. "इथे एक खोली बांध. दोन दारांची. एक कारखान्याकडे, एक चहाकडे. दुसरी वाट ठेवूच नकोस."

"आणि खोलीत बसणार कोण?"

"ज्यांना भेटायला आम्हाला बाकड्यावर बसावं लागायचं ते. सगळ्यांत आधी सगळ्यांत मोठे."

"मामा मला मारतील."

"मारू देत. घरचाच मार आहे, लागत नाही."

बाकी दोन छोट्या खोल्या फोनसाठी. कोणीही जावं आणि आतून कुलूप लावावं, साहेब असो की झाडूवाली. विक्रीसाहेबांची खोली स्टोअरच्या वाटेवर.

मालकांनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला. "म्हणजे मी वाटेत बसायचं? लोक माझ्यासमोरून कप घेऊन जाणार?"

भाचा माझ्यामागे सरकला. मग मीच बोलले. "मालक, बावीस वर्षांत तुम्ही मला सहा वेळा भेटलात. सहाही वेळा माझं काहीतरी चुकलं होतं म्हणून. आता रोज आठ वेळा दिसेन. चुकलं नसताना."

त्यांनी नकाशा टेबलावर पसरला. विक्रीसाहेब काहीतरी म्हणायला लागले, तर मालक म्हणाले, "तुमचीही खोली काढलीय, स्टोअरपाशी. बघून घ्या."

खोली बांधून झाली आणि दोन्ही दारांना नऊ नंबर लागला. पहिला आठवडा मालक दर वेळी दचकायचे. दुसऱ्या आठवड्यात नुसती मान वर करायचे. तिसऱ्या आठवड्यात टर्नरला म्हणाले, "काय हो, बायकोच्या डोळ्याची पट्टी निघाली का?" टर्नर खाली आला तो कानस हातात घेऊन नुसता उभा. "त्यांना कसं कळलं?" मी म्हटलं, "तूच जाता-येता बडबडतोस, आणखी कसं?" बाकड्याचं टर्नरने लाकूड काढून घेतलं. रजा आता चालता चालता मिळते. कधी कधी नाहीही मिळत, पण नकार तोंडावर मिळतो.

एकोणिसाव्या दिवशी टर्नर दोन्ही हातांत कप घेऊन आला आणि त्याने कोपराने मूठ दाबली. मूठ खाली गेली ती वर आलीच नाही. मशीनला हे सात जन्मांत कळलं नसतं. मशीन मूठ सरळ फिरवतं, कोपर तिरका दाब देतो.

"मावशी!" मालकांची हाक थेट खालपर्यंत आली.

मी कुलूप उघडलं. स्प्रिंग पट्टीत सरकून अडकली होती. मालक खुर्ची सोडून बॅटरी धरून माझ्याशेजारी उकिडवे बसले. तेवढ्यात स्टोअरकडून विक्रीसाहेब आले. सोमवारी माल पाठवायचाय, गिऱ्हाईक थांबलंय.

मालकांनी बॅटरी हलवलीसुद्धा नाही. "मावशींना विचारा."

"सहा महिने," मी म्हटलं. "पट्टी बदलायची, मग परत याच दाराला."

"गिऱ्हाइकाला काय सांगू?" विक्रीसाहेबांनी मलाच विचारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"सांगा, मालक स्वतः वापरून बघतायत."

मालक हसले आणि म्हणाले, "खोटं नाही." मग बॅटरी जरा अलीकडे घेतली, कारण मला आतला खटका नीट दिसत नव्हता.